सातवा रकाना

रजिस्टरच्या सातव्या रकान्यावर छापलं होतं
यू, एल, एल, ए, जी, ई.
मला वाटलं, व्ही आणि आय
शाई ओली असताना एकमेकांना चिकटले.
छापखान्यात होतं असं.

तीन महिने मी त्या रकान्यात
इमानाने गावं लिहिली.
पिंप अकरा : मोहाडी.
पिंप बारा : जानोरी.
तेरातली द्राक्षं कुठली, ते काही सापडेना,
म्हणून आमचंच गाव लिहून टाकलं,
पेठकडचं, जिथं
द्राक्षाचा एक वेल नाही.

एक्साइजचे गांगुर्डे साहेब आले,
चष्मा कपाळावर सरकवून वाचत राहिले,
मग टेबलावर हात आपटून हसले.
"भोये, अख्खी जानोरी बसवली का रे पिंपात?"
शब्दाचा अर्थ त्यांनाही नीट सांगता येईना.
"तूट लिहायची असते तिथं," एवढंच.
कसली तूट? पितं कोण?
तेवढ्यात त्यांचा चहा आला.

रविवारी शालिमारला उतरून वाचनालयात गेलो.
केंगेबाईंनी दोन्ही हातांनी कोश खाली घेतला.
"यू फारसं कुणी उघडत नाही," म्हणाल्या.
खरंच, पानं
एकमेकांना धरून बसली होती.

उच्चार अलिज.
अर्थ : पिंप भरायला जेवढं कमी पडतं तेवढं.
म्हणजे वाइन नव्हे,
वाइनच्या वरची जागा.
लाकूड श्वास घेतं, तांब्याभर वाइन उडून जाते,
आणि जी उरली नाही
तिच्यासाठी कुणीतरी नाव शोधलंय,
वर सरकारने रकाना आखून दिलाय.

खाली मुंगीएवढ्या टाइपात मूळ.
बाईंनी भिंग दिलं.
जुनं फ्रेंच. त्याच्या मागे लॅटिन.
पिंपाच्या पोटावर बुचाचं भोक असतं ना,
त्याला ते लोक डोळा म्हणायचे.
डोळ्यापर्यंत भरणं, असा तो शब्द.
पुढे कधीतरी भरणं गळून गेलं
आणि भरायचं राहिलेलं तेवढं उरलं.
"त्यांचा ओक्युलस अन् आपलं अक्षि,
चुलतभाऊच," बाई म्हणाल्या, आणि
कुणाची तरी पावती फाडायला वळल्या.

मी भिंग खाली ठेवलं.

डोळा.
माझा बाप छाटणीच्या टोळीत.
एप्रिलात काडीवर एक डोळा राखायचा,
ऑक्टोबरात मोजून राखायचे,
मग एकेका डोळ्याला पेस्ट.
आठवडाभर त्याची बोटं लाल,
भाकरीलाही तो रंग.
"डोळा हुकला की घड गेला,"
हे मी अंक शिकायच्या आधी शिकलो.
बागा दुसऱ्यांच्या, डोळे मात्र
त्याने राखलेले. किती लाख असतील,
त्याचं रजिस्टर नाही.

सोमवारी अकराचं बूच उपटलं,
बॅटरी लावून आत पाहिलं.
खाली काळी चकाकी,
वर चार बोटं काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत पट्टी सोडली,
मोहाडी खोडून लिहिलं : सात सेंटिमीटर.
व्हाइटनर चालत नाही आमच्यात,
खोडलेलं गाव खाली दिसत राहतं.

रात्री बापाला फोन केला.
सगळं सांगितलं, फ्रेंच, लॅटिन, डोळा.
तो ऐकत होता. मागे कुणीतरी कोंबड्या डालत होतं.
"म्हंजी उणं," तो म्हणाला.
"पिंप उणं हाये.
येवढ्यासाठी बसभाडं घातलंस?"

मग जरा थांबून,
"अन् त्या तेरा नंबरात आपलं गाव लिवलं व्हतं,
ते खोडलंस का?"

नाही, म्हटलं.
ते अजून मोजायचं राहिलंय.